आईने रंगवलेला बैल

भाजे, रविवार संध्याकाळ

भाची ऑस्ट्रेलियात नर्स आहे. सुट्टीत ती तिथल्या उत्तरेकडच्या तिवी बेटांवर गेली होती, तिने पाठवलेला तिथला व्हिडिओ मी आज आईला दाखवला. बेटांवरच्या मूळच्या तिवी लोकांपैकी एक बाई स्वतः कोरलेल्या लाकडी पक्ष्यावर लाकडाच्या फणीने ठिपके उमटवत होती. पद्धत पूर्वजांची, रंग मातीचे, पक्षी मात्र तिच्या मनातला.

आई फोनवर वाकली. "ह्यो तर आपला गेरूच की!"

मला माझे वडील, अण्णाच आठवले. पोळ्याआधी ओसरीवर बसून सागाचे बैल कोरणारे. आणि ओल्या गेरूचा तो वास! खरंच आला, की नुसता आठवला?

"रंग तूच द्यायचीस ना गं?"

"व्हय. पर समदे म्हनायचे, अण्णांचं बैल."

अण्णा गेल्यापासून तिने रंगाला हात लावला नव्हता. त्यांनी कोरलेला शेवटचा बैल फळीवर तसाच कोरा होता. तो तिने आज काढायला लावला, गेरू भिजवला. पुन्हा तोच वास, या वेळी खराखुरा. झूल काय सुंदर रंगवली तिने!

मग म्हणाली, "पोटाखाली माजं नाव लिव."

मी पेन शोधायला उठले.

"पेन कशाला? गेरूनंच लिव."