आईला आराम पडला पाहिजे

११ तारीख, शनिवार

उद्या निघायचं. आईला चार दिवस शहरात घेऊन चालले आहे. फिरायचं, खायचं, लोळायचं, बाकी काही नाही. बाबा गेल्यापासून तिला आराम असा नाहीच.

लक्षणं चांगली नाहीत. जेवते व्यवस्थित. झोपते व्यवस्थित. परवा भांडी घासताना गुणगुणत होती. धाकटी बहीण म्हणते, मग चांगलंच आहे की. धाकटीला काय कळतंय! माणूस आतून पोखरला की वरून असाच टणक दिसतो. मी कॅन्टीनमध्ये जन्म घालवलाय, ताटात काय उरलं त्यावरून मला माणूस कळतो. आईच्या ताटात काहीच उरत नाही. तीच तर काळजी.

मी ठीक आहे. तेव्हा रडायला वेळ नव्हता, आता गरज नाही. कॅन्टीनमधली जाडी म्हणते, ताई, हल्ली फार ओरडता. ओरडत नाही. आवाजच तसा आहे.

खरा बेत आईला सांगितलेला नाही. तिला आता कायमची माझ्याकडे आणायची. मागची खोली रिकामी केली, खाट टाकली, निळ्या फुलांचा पडदा स्वतः शिवला. शहरात ती जरा सैल पडली की वेळ बघून सांगेन. बंद पडलेलं दुकान आता कायमचं बंद करून टाकायचं. बाबांशिवाय त्या दुकानात आहे काय? दुरुस्तीच्या बॅगा, पर्सा, छत्र्या. कसलीही अडलेली चेन बाबांकडे द्यावी, लोण्यासारखी चालायला लागायची. शेवटी टोकाला लाल दोऱ्याची बारीक गाठ. ती गाठ दिसली की ओळखावं, बाबांचा हात. तसा हात पुन्हा होणे नाही.

आमचे हे म्हणाले, आईंना विचारलंस का? विचारायचंय काय त्यात! ह्यांनी दुसऱ्याला शिकवू नये. गेले दोन रविवार मित्राकडे पंखा बसवायला जातात आणि येतात ते हाताला रंग फासून. पंख्याला कसला रंग?

बॅग भरताना चेनीचा रनर निघून हातात आला. आजच यायचा होता. हे म्हणाले, स्टँडवर एक जण बसतो, नवा टाकून देईल. म्हटलं, बाबांच्या चेनीला परका हात लागणार नाही. सुतळीने बांधली. छान बसली आहे.

ठरवलं: चार दिवस आवाज चढवायचा नाही.

१२ तारीख, रविवार, संध्याकाळी

पोचलो. हॉटेलच्या फोटोत खिडकीतून तळं होतं. खोलीत खिडकीतून भिंत आहे. काउंटरवालीला विचारलं, तळं कुठे गेलं? म्हणाली, गच्चीवरून दिसतं. मग आम्ही गच्चीवर झोपायचं का? आवाज चढवला नाही. लोक उगाच वळून बघत होते.

मी आईला समुद्रावर नेणार होते. तीच म्हणाली, शहरात जाऊ. मला तेव्हाच कळलं. दुःख विसरायला माणसाला गोंगाट लागतो.

बसमध्ये ती शेजारच्या बाईशी सबंध रस्ताभर बोलली. मी खिडकीशी, माझ्याशी एक शब्द नाही. दोघी हसत पण होत्या. वरवरचं हसू. बाईची पर्स फाटलेली, आईने ती उलटीपालटी करून बघितली. सवयच लागली बिचारीला, इतकी वर्षं बाबांचं बघून बघून.

रात्रीच्या जेवणाचं सूप म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. किचनमध्ये जाऊन आचाऱ्याला दोन गोष्टी समजावल्या. आई म्हणाली, अगं आराम करायला आलोय ना? म्हटलं, तोच करतेय.

१३ तारीख, सोमवार

सकाळी बाग. आईला बाकावर बसवलं. म्हटलं, बस निवांत. ती उठून झाडाकडे निघाली. परत बसवलं. निवांत बसायला शिकवावं लागतं काही माणसांना.

दुपारी म्हणाली, पाय दुखतात, मी खोलीवर पडते, तू जरा फिरून ये. समजले. तिला एकटीला रडायचं होतं. म्हटलं, रडू दे, मोकळी होईल. मी मुद्दाम लांबपर्यंत चालत गेले, कुठेच काही बघण्यासारखं नाही, परत आले. खोलीला कुलूप. जीव खाली-वर झाला. कुठल्या पुलावर जाऊन उभी राहिली असेल, काय काय डोक्यात आलं. तर ही जिन्यातून वर आली, साडीच्या काठाला धूळ, घामाघूम, तोंडावर चक्क तुकतुकी. म्हणाली, खालीच होते, वारा खात. खाली कसला वारा? खाली बसगाड्यांचा धूर.

डोळे लाल नव्हते. काळजी वाढली.

धाकटीला फोन केला. म्हटलं, आई भटकायला लागली आहे. तिला ठसका लागला. ठसका होता की हसत होती, देव जाणे. फोन ठेवला.

१४ तारीख, मंगळवार, दुपारी

सकाळी तळ्यावर बोटीत नेलं. मधोमध गेल्यावर सांगून टाकलं. खोली, खाट, पडदा, सगळं. बोटीतून उठून कुठे जाणार? आई म्हणाली, अगं, बोटीत उभी राहून काय बोलतेस, खाली बस, उलटशील. बसले. मग म्हणाली, पडदा छान असेल. बस, एवढंच. मी तो होकार धरला.

जेवून तिला झोपवलं आणि कोणी त्रास देऊ नये म्हणून खाली येऊन बसले. काउंटरवाली म्हणाली, तुमच्या आईंचं पार्सल आलंय, मार्केटमधून. भलंमोठं खोकं. उघडलं.

चेनी. सगळ्या रंगांच्या, गठ्ठेच्या गठ्ठे. रनर पिशव्या भरभरून. छत्रीच्या काड्या. लाल दोऱ्याची रिळं.

म्हणजे दुःखाने डोकंच फिरलं तिचं. गेलेल्या माणसासाठी माल भरून ठेवतेय. ह्यांना फोन लावला, म्हटलं, डॉक्टरची वेळ घेऊन ठेवा, आईचं काही खरं नाही. हे म्हणाले, अगं, तुला सांगणारच होतो.

काय सांगणार होता?

म्हणे येत्या शुक्रवारपासून आई दुकान उघडते आहे. म्हणे दुकानाची पाटी मीच रंगवली. पंखा! त्यांचा पंखा!

धाकटीला माहीत. धाकटीच्या नवऱ्याला माहीत. माझ्या मुलीला माहीत. जाडीलासुद्धा माहीत, तिने आधीच दोन पर्सा देऊन ठेवल्यात. एवढ्या जगात कळायचं राहिलं ते मला.

संध्याकाळी

आईशी बोलत नाही. आधी बोलून घेतलं, मग बोलणं बंद केलं.

विचारलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, सांगितलं असतं तर तू मला उचलून नेऊन मागच्या खोलीत ठेवली असतीस. म्हटलं, ठेवलीच असती. म्हणाली, म्हणूनच.

म्हटलं, तू आणि चेनी बसवणार? बाबांचा हात कुठून आणशील? तर म्हणाली, बारीक कामाची नजर कधीच गेली होती त्यांची. तुझं लग्न झालं त्याच्याही आधी. चेनी मीच बसवत होते.

मी म्हटलं, खोटं. मी डोळ्यांनी बघितलंय. बाबा माझी बॅग घ्यायचे, आत घेऊन जायचे. आई म्हणाली, हो. आणि? मी म्हटलं, आणि मग बाहेर येऊन माझ्याशी गप्पा मारायचे. आई म्हणाली, मग बॅग आत कोण करत होतं?



म्हणाली, त्यांना गिऱ्हाईक सांभाळता यायचं, मला नाही. ते पुढे, मी आत. लोकांना वाटलं ते काम करतात, वाटू दिलं. त्यांना बरं वाटायचं.

गेलेल्या माणसाची बदनामी करते आणि वर केस विंचरते. म्हटलं, लाल गाठीचं काय? गाठ तरी बाबांचीच ना? आईने नुसती फणी खाली ठेवली. म्हटलं, बघ, सापडलीस.

तीन दिवस माझ्या जिवाला घोर, हिच्या पायाला मार्केट. सगळ्यांनी मिळून फसवलं. बाबांनीसुद्धा. बाबांनी तर सगळ्यांत आधी.

१५ तारीख, बुधवार, सकाळी

उठले तर माझी बॅग खुर्चीवर. सुतळी सोडून नीट गुंडाळून ठेवलेली. नवा रनर. चेनीच्या दातांवर मेणबत्ती घासलेली. चेन ओढून बघितली, उघडली, लावली, उघडली, लावली. लोणी.

टोकाला लाल गाठ.

आई न्हाणीघरात गुणगुणत होती. मी बॅग मांडीवर घेऊन बसले होते. डोळ्यांत काहीतरी गेलं. या हॉटेलात धूळ फार, केरसुणी फिरवतात की नुसती दाखवतात? बराच वेळ जात होतं डोळ्यांत. नाकातही गेलं. आई बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, ओलं डोकं पुसत पुसत शेजारी टेकली. पाठीवर हात ठेवला. म्हणाली, चांगलं रडून घे, बसला वेळ आहे.

रडत नव्हते. धूळ.

उतरताना काउंटरवालीला धुळीबद्दल सांगितलं. हळू आवाजात. ती घाबरली, म्हणाली, तब्येत बरी आहे ना तुमची?

खोकं मीच उचललं. आईला जड उचलू देत नाही मी.

१९ तारीख, रविवार

घरी कोणाशी बोलायचं नाही ठरवलं होतं. ह्यांच्याशी बोलले, कारण मागच्या खोलीतला पडदा गायब. म्हणाले, आईंनी मागितला, मी दिला. मला न विचारता!

तडक दुकानात गेले. कॅन्टीनला सुट्टी होतीच. पाटी वाकडी आहे. पडदा दुकानात, पुढच्या आणि आतल्या भागाच्या मध्ये, माझी निळी फुलं. आई आत. पुढे बाबांची खुर्ची रिकामी आणि गिऱ्हाइकं उभी. आतून आवाज आला, आलीस का, बस जरा, मला बोलता बोलता काम होत नाही.

पाय दुखत होते म्हणून बसले. एक जण बॅग नाचवत म्हणाला, किती उशीर? म्हटलं, घाई असेल तर सुतळी बांधून फिरा, मी चार दिवस फिरलेय. तो हसला आणि थांबला. लगेच दुसरा म्हणाला, काका असेच बोलायचे, हात मात्र सोन्याचा हो त्यांचा.

आत आईचं गुणगुणणं थांबलं.

मी उठले, पडदा पार कडेला सारला आणि खिळ्याला अडकवून टाकला. आत आई, मांडीवर बॅग, दातांत लाल दोरा. तो माणूस बघतच राहिला. म्हणाला, म्हणजे काम या करतात? म्हटलं, नाहीतर काय मी करते?

आईने वर बघितलं. मी म्हटलं, हवा येत नव्हती.

दर रविवारी यायचं असं काही मी कबूल केलेलं नाही. आईने नुसतं विचारलं, मी नुसतं बघू म्हटलं. हे म्हणतात की मागची खोली आता रिकामीच आहे, तर दुपारी तिथे जरा पडत जाईन. पडा म्हटलं. पडदा नाही, तोंडावर ऊन येईल.