गव्हाच्या दाण्याएवढा चुना

११ जुलै

ठरलं! लेकरू पाह्यजे. अमरले बी, मले बी.

मले जन्मापासून एचआयव्ही हाय. मायनं मांगं तेवढंच ठेवलं. अमरले नाही. लग्नाच्या आंधीच त्याले सांगून टाकलं होतं, तर म्हणे मिरचीवर बी रोग येते, आमी काय मिरची लावाची सोडतो? भाजीवाल्याचं डोकं! त्याच दिवशी पसंत केला.

आदिलाबादची डॉक्टरीन म्हणे, होते लेकरू. रोजच्या गोळीनं माह्या रगतातला लोड, मंजे जंतूचा आकडा, इतका खाली हाय का मशीनले सापडत नाही. सापडत नाही तवर अमरले लागत नाही. लेकराले बी जन्मल्याबरोबर औषध देतात. ऑक्टोबरात एकडाव तपासायचं, मंग निरोध बंद.

आत्याबाईले, मंजे सासूले, यातलं काहीच माईत नाही. त्या फक्त माह्या पोटाकडे पाहतात.

१९ जुलै

आत्याबाईचा धीर संपला. आता रोज सकाळी उपाशीपोटी दह्यात चुना. गव्हाच्या दाण्याएवढा, त्यायच्याच पानाच्या डब्यातला. नागोरावच्या सुनेले यानंच दिवस गेले म्हणे. समोर बसून खाऊ घालतात, वाटी पुसली का नाही तेबी पाहतात.

माही गोळी बी सकाळचीच. मंग काय — ओढणीच्या गाठीतून गोळी तोंडात, वरतून दही! त्यायच्या डोळ्यासमोर! असं डोकं शाळेत चाललं असतं तर दहावी एकाच दमात निघाली असती.

३ ऑगस्ट

शेजारची सुनयना इचारे, चुन्यानं काही झालं काय वं? मी म्हणली, आतून सारं पोट पांढरं झालं, आता तोरण बांधाचं राह्यलं.

१४ ऑक्टोबर

लोड वाढला.

डॉक्टरीननं चारदा इचारलं, गोळी चुकली काय. नाही चुकली! तापात नाही चुकली, लग्नाच्या दिवशी नाही चुकली. अजून काय खातेस, टॉनिक, कॅल्शियम, ताकदीच्या गोळ्या? मी म्हणली, सासूच्या शिव्या. ती हसली नाही. निरोध चालू ठेवा म्हणे, तीन महिन्यांनी पाहू. अमरचं रगत तपासलं. त्याले काही नाही.

आमच्या बेल्यापरेंत अमरनं गाडी नुसती पळवली. मी मांगून गुदगुल्या केल्या तरी हसला नाही.

१५ ऑक्टोबर

सकाळी दह्याची वाटी हातात घेतली आन हात थांबला. पांढरा ठिपका. कॅल्शियम!

दवाखान्यात फोन लावला. मॅडम, चुना मंजे कॅल्शियम काय? तिकडून म्हणे, किसने खिलाया? चुना आन गोळी रिकाम्या पोटी एकसाथ गेले तर गोळी रगतात पुरी उतरत नाही. लोड त्यानंच वाढला असंन.

मंजे आत्याबाईचा चुना आन माही हुशारी. दोघींनी मिळून.

१८ ऑक्टोबर

नाही म्हणली तर कारण सांगा लागते. म्हणून डब्यातला चुना काढला आन मैदा भिजवून भरला. कोनाच्या बापाले कळत नाही!

२४ ऑक्टोबर

कळलं. मैद्यानं पान रंगत नाही हे माह्या ध्यानातच नाही आलं.

पाच-सहा दिवस आत्याबाईचं तोंड लाल होईना. आंधी काताले दोष, मंग पानाले. बजारात जाऊन पानवाल्याशी भांडून आल्या, तो बिचारा शपथा खाऊन राह्यला होता. आज त्यायनं डबा उघडला, बोटावर घेऊन चाटला. चटका नाही. मले हाक मारली.

"तुले लेकरू नको हाय काय, रंजीता?"

मले वाटलं होतं वरडतील. हळूच इचारलं. दहा खोट्या गोष्टी तयार होत्या माह्याकडे, एकबी तोंडातून निघाली नाही. सारं सांगितलं. लेकरू पाह्यजे म्हणूनच चुना काढला, हेबी सांगितलं.

त्यायनं एकच इचारलं. "अमरले?"

नाही म्हणली. दर तपासणीत नाही.

उठल्या आन वावरात गेल्या. वांगे तोडाचे नव्हते, तरी तोडले.

२७ ऑक्टोबर

बोलत नाही माह्याशी. माह्या हातचं खातात, तेवढं बरं. पन अमरची बाज बाहेरच्या खोलीत नेली, आपल्या बाजेले लावून. म्हातारीले खोकला हाय, रातच्याले पानी कोन देईन म्हणे.

एवढा मोठा गडी, मायजवळ निजते! मी हसली. मंग हसू नाही आलं.

१२ नोव्हेंबर

गोळ्या आनाले गेलो तर आत्याबाई आपल्या आपनच ऑटोत येऊन बसल्या. डॉक्टरीननं त्यायले हिंदीतून सारं समजावलं. गोळी, लोड, अमर, लेकरू. मान हलवत ऐकलं. मले वाटलं जमलं.

बाहेर आल्यावर म्हणे, तिचं काय जाते, तिचा लेक थोडीच हाय.

राग नाही आला मले. माहा लेक असता तर मी काय केलं असतं?

२१ जानेवारी

सापडला नाही! सापडला नाही! सापडला नाही!

डॉक्टरीन म्हणे, आता हरकत नाही. अमरनं जिलबी घेतली आन अर्धी रस्त्यातच संपवली. घरी आल्यावर मी कागद आत्याबाईपुढं धरला. वाचता येत नाही त्यायले, अमरनं वाचून दाखवला. त्यायनं पुन्हा वाचाले लावला. जिलबी घेतली.

२३ जानेवारी

आत्याबाई मंचेरियलले गेल्या, बहिनीकडे. बहिनीचे गुडघे दुखतात म्हणे. मी बसवर सोडाले गेली. कधी येसान, इचारलं. खिडकीतून म्हणल्या, "तुमी बोलवसान तवा. दोन खोल्याचं घर हाय, मी कुठवर खोकत बसू? आन आयक, नुसता टीव्ही पाहत नका बसू."