रिकामी वाटी परत देत नाहीत

३ मार्च
डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली. राग कमी करा म्हणाले. कसा, ते नाही सांगितलं. स्नेहलचा कल्याणहून फोन. म्हणे, आई, रोज कोणासाठी तरी एक छोटं चांगलं काम कर आणि लिहून ठेव, डोकं शांत होईल. मुलगी आईला शाळेत घालतेय. बरं.

आजचं चां. का.: टेंभी नाक्याला यायला नाही म्हणणाऱ्या रिक्षावाल्याला शिवी दिली नाही. मनात दिली.

गिरणीतून पीठ आणताना शेजारचा नीलेश भेटला. पिशवी हातातून काढून घेतली, तिसऱ्या मजल्यावर आणून दिली. सगळ्यांचंच करतो. म्हाताऱ्यांचे सिलिंडर चढवतो, कुत्र्यांना बिस्किटं घालतो. स्नेहलला सांगितलं तर म्हणाली, त्याच्याकडून शीक.

५ मार्च
संध्याकाळी डब्यांच्या चपात्या लाटत होते. भिंतीपलीकडे धप्प झालं. वाटलं फळी पडली. मग परत. मग रूपालीचा आवाज, तोंड दाबल्यावर येतो तसा. नीलेशची बायको. साताऱ्याकडची, लग्नाला वर्ष नाही झालं.

लाटणं घेऊनच निघाले होते. दारात स्नेहल आठवली. लाटणं ठेवलं, वाटीत वांग्याची भाजी घेतली, बेल वाजवली. आतला आवाज थांबला. नीलेशने दार उघडलं. हसून म्हणाला, कशाला त्रास घेतला काकू. त्याची बोटं लाल झाली होती.

चां. का.: भाजी.

६ मार्च
रूपाली वाटी द्यायला आली. आत दोन लिंबं. रिकामी वाटी परत देत नाहीत, आई शिकवते ते सगळ्या मुलींना सारखंच शिकवते. कान सुजून कानातलं रुतलं होतं. मी विचारलं तर दारावर आपटले म्हणाली. जाता जाता वळली.
"काकू, भाजी छान होती. रोज दिली तरी चालेल."

१९ मार्च
जमलंय आता. पलीकडे आवाज चढला की वाटी भरायची आणि बेल दाबायची. भाजी, आमटी, काही नसलं तर लोणचं. तो दारात आला की निदान तेवढा वेळ तिचे केस सुटतात. वाटी दुसऱ्या दिवशी येते. कढीपत्ता, मूठभर शेंगदाणे, आल्याचा तुकडा. काल परवा तिच्या गळ्यावर बोटांचे वळ होते, ओढणी घेऊनही दिसत होते.

स्नेहल खूश आहे. विचारते, आई, शांत वाटतं ना? मला त्याच्या तोंडावर तवा मारावासा वाटतो.

२ एप्रिल
रविवार, विहारात गेले. भन्ते म्हणाले, सर्व प्राणिमात्रांवर मैत्री करा. डोळे मिटून केली. झुरळांवरसुद्धा केली. शेजारच्या दारापाशी अडली.

सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगून पाहिलं. नीलेश? असं म्हणून हसलेच. नवरा-बायकोचं आहे ताई, आपण पडू नये. वर म्हणे, खरं सांगू का, बिल्डिंगमध्ये आवाज तुमचाच जास्त येतो. भांडखोर बाईचं कोण ऐकणार. आयुष्यभर नळावर भांडले, ते आज असं पुढ्यात आलं.

१४ एप्रिल
जयंती. निळी साडी नेसले, बुंदीचे लाडू केले. खाली नीलेश मिरवणुकीतल्या लोकांना थंड पाणी वाटत होता. मला वाकून जयभीम केला.

संध्याकाळी पलीकडे सुरू झालं. वाटीत लाडू घेऊन गेले. बेल वाजेना, त्याने वायर काढून टाकली होती. दार बडवलं. त्यांच्या दाराला लॅच आहे, ओढलं की बंद होतं आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. आतून अगदी गोड आवाजात म्हणाला, "काकू, आज काही नको." आणि परत मारलं. मला ऐकू यावं म्हणून मारलं. लाडू घेऊन परत आले.

१५ एप्रिल
तरी सकाळी तिला वाटी दिली, तो कामाला गेल्यावर. दुपारी परत आणली. तळाला चिमूटभर साखर. मनगट बांधलेलं. एका हाताने एवढंच निघालं, म्हणाली. पोलिसांत जाऊ म्हटलं, तर नको म्हणाली. माहेरी धाकट्या बहिणीचं जमतंय.

२२ एप्रिल
लिहिते, कारण कोणी दुसरं खरं लिहिणार नाही.
तो तिला केसांना धरून दाराबाहेर आणत होता. जिन्याच्या तोंडाशी. मी आमटीचं पातेलं उतरवलं होतं, तेच घेऊन धावले. वाटी शोधली नाही. सगळी आमटी त्याच्या हातावर, छातीवर. त्याने केस सोडले आणि किंचाळला.

बिल्डिंग धावत आली. त्याच्यासाठी. कोणी बर्फ आणला, कोणी रिक्षा. चौकीत बाईसाहेबांनी रूपालीला बाजूला घेऊन विचारलं, नवरा मारतो का? ती नाही म्हणाली. जमिनीकडे बघत म्हणाली, "काकूंचं डोकं फिरतं कधी कधी." मला लिहून द्यावं लागलं, पुन्हा त्या दारात जाणार नाही. गेले तर केस.

पाणातिपाता वेरमणी, जीवहिंसा करणार नाही, असं रोज म्हणते. तरी तो किंचाळला तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

चां. का.: माहीत नाही.

२४ एप्रिल
स्नेहल रडली फोनवर. मी तुला हे सांगितलं होतं का, आई? १ मेला न्यायला येते. कल्याणलाच राहा म्हणते. बरं म्हटलं. डब्यांच्या गिऱ्हाइकांना कळवलं.

नीलेश हाताला पट्टी बांधून एका हाताने जोशीकाकूंची भाजी वर आणत होता. भांडणाच्या आदल्या दिवशी दिलेली माझी वाटी त्यांच्याकडेच राहिली. आईचं नाव कोरलेली. रूपालीचा इतका राग आलाय की मागायलाही जाववत नाही.

२९ एप्रिल
तो खाली स्कूटर लावत होता. रूपाली पुढे चढून आली, वाटी माझ्या हातात दिली, वर ताटली झाकलेली. वर बघितलं नाही. खालचा ओठ शिवलेला.

घरी येऊन ताटली काढली. काठोकाठ साखर. डब्यात ओतायला गेले तर काहीतरी वाजलं. लॅचची किल्ली.

बसूनच राहिले खाली. इतके दिवस मी तिला शिव्या घालत होते.

३० एप्रिल
बॅग भरून दारात ठेवली आहे. स्नेहल उद्या सकाळी येईल. चपात्या नाहीत, काम नाही, म्हणून लिहितेय.

पलीकडे सुरू झालं. आधी त्याचा आवाज, मग खुर्ची पडली. पोलिसांना फोन केला. गाडी पाठवतो म्हणाले. नाव विचारलं, सांगितलं, तर तिकडचा माणूस म्हणाला, त्या आमटीवाल्या ना तुम्ही?

भिंतीवर आपटलं काहीतरी. खुर्ची नाही. आता तिचा आवाजच येत नाही.

किल्ली साखरेने चिकट झालीये, पदराला पुसली. उजव्या हातात किल्ली. डाव्या हातात वाटी घेऊ की लाटणं, ते अजून