पेटीवर पारखलेला प्लेअर

माय, तुझ्या नातीला सीडी प्लेअर घ्यायचा आहे. घरात अँप्लिफायर आहे, दोन स्पीकर आहेत, फक्त तबकडी फिरवणारं यंत्र हवं, तेही तिच्या पगारात बसणारं. चार कंपन्यांची माहितीपत्रकं माझ्यापुढे टाकून ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला यातलं कळतं ना?" दुसऱ्यांच्या चुकांवर लिहून पोट भरणाऱ्या माणसाला सगळंच कळतं, असं हळूहळू घरच्यांनाही वाटायला लागतं. मी चष्मा पुसला, पत्रकं चाळली आणि मला तू आठवलीस. असलं यंत्र नीट निवडताना मी आयुष्यात एकच माणूस पाहिलंय, आणि त्या माणसाला वीजबिलसुद्धा वाचता येत नव्हतं.

बाबा गेल्यावर आपण दोघं अमरावतीला मोठे बाबांकडे राहायला गेलो. बाबांचे थोरले भाऊ, वकील. म्हणजे तुझे भासरे. भासऱ्याशी भावजयीनं थेट बोलायचं नाही, ही रीत. त्यामुळे तिघं एका खोलीत असलो तरी तुमचं संभाषण माझ्यामार्फत चाले. "सांग तिला, वरणात मीठ जास्त आहे." "सांग त्याइले, उद्या कमी टाकतो." दोघांनी एकमेकांचं ऐकलेलं असे, तरी मी ते पुन्हा सांगायचं. मधल्यामध्ये एखादा शब्द बदलून पाहायची खोड मला तिथेच लागली. पुढे तिलाच लोक माझी शैली म्हणू लागले.

मोठे बाबांचा रेडिओ भरतकामाच्या झाकणाखाली बसलेला असे. बातम्या आणि कापसाचे भाव, एवढंच त्यानं बोलायचं. तुझी पेटी मात्र बोलायचीच बंद झाली होती. मूर्तिजापूरजवळच्या तुझ्या माहेरी तू आजोबांच्या भजनात पेटीवर साथ करायचीस; तीच पेटी लग्नात बरोबर आलेली. बाबांच्या तेराव्यानंतर मोठे बाबांनी ती देवळात देऊन टाकली. विधवेच्या खोलीत पेटी शोभत नाही म्हणे. त्यानंतर तू चुलीपाशीसुद्धा कधी गुणगुणली नाहीस. मामानं दिलेली अभंगाची एक तबकडी तेवढी तुझ्याजवळ होती. वाजवायला काहीच नाही, म्हणून ती पापडाच्या डब्यामागे उभी.

मी कॉलेजात सायन्सला होतो. रेडिओसोबतचं पुस्तक चाळताना मला कळलं, की त्याच्या पाठीमागची दोन भोकं रेकॉर्ड प्लेअरची तार जोडायला असतात. तुला सांगितलं तेव्हा तू पोळी लाटत होतीस. लाटणं थांबलं. "म्हंजे आवाज याचाच? आपल्याले निस्तं फिरवाचं यंत्रच पायजे?" तुझ्या शिवणाच्या वर्गाचे पैसे साठलेले होते. रेडिओ आणि प्लेअर एकत्र असलेला अख्खा रेडिओग्राम त्यात बसला नसता. नुसतं यंत्र बसत होतं.

मोठे बाबांनी माझ्यामार्फत निकाल दिला. "सांग तिला, स्वस्तातलं यंत्र रडतं. आणून दाखव म्हणावं. एक बाजू माझ्यासमोर धड वाजली तर राहील. नाही वाजली तर परत, आणि पुन्हा या घरात गाण्याचं नाव नाही."

अमरावतीचा रेडिओवाला त्यांचा पक्षकार, म्हणून आपण अकोल्याला गेलो. तबकडी तू टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली होतीस. मूर्तिजापूर आलं, गेलं. तू खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाहीस.

दुकानात मी आणि दुकानदार पाच मिनिटांत एका पक्षाचे झालो. चकचकीत चेंजर होता. एकावर एक तबकड्या रचायच्या, तो आपोआप एकेक खाली टाकतो. त्याची किंमत तुझ्या पैशांना जेमतेम शिवत होती. दुकानदार म्हणाला, "ताई, दहा रेकॉर्डी लावा अन् खुशाल झोपा."

"झोपाचंच असतं त गाणं कायले घेतलं असतं, दादा?"

मग तुझी नजर मागच्या फळीवर गेली. तिथे विकायच्या पेट्या होत्या. "त्यातली एक खाली द्या."

"पेटी घ्यायची आहे?"

"नाही. तुमच्या यंत्राले साक्षीदार पायजे."

कित्येक वर्षांनी तुझी बोटं पट्ट्यांवर पडत होती, आणि मी तेव्हा चेंजरचा खटका न्याहाळत होतो! चेंजरवर तबकडी लागली. तबकडीत गाणाऱ्या बाईंचा षड्ज तू एका पट्टीत पकडलास आणि तिथेच बोट ठेवून भाता हलवत राहिलीस. अर्ध्यावर गाणारीचा सूर पेटीपासून सुटला, दोन्ही एकमेकांवर जात्याच्या दोन दगडांसारखे घासू लागले.

"खाली उतरून राहिला," तू म्हणालीस.

"ताई, व्होल्टेज कमी आहे अकोल्यात."

"मंग त्याच करंटावर तो कोपऱ्यातला लावा."

कोपऱ्यातला म्हणजे रेक्झिन उडालेला, एका वेळी एकच तबकडी घेणारा, कुणी न विचारलेला. मी तुझ्या कानाशी लागून म्हणालो, "माय, लोक हसतील याला." तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. "लोकाइले दाखवाले नेऊन राहिलो का आपण?" तबकडी सुरू झाली, संपली, सूर पेटीपासून केसभर हलला नाही. दुकानदारानं स्वतःहून भाव उतरवला. वर म्हणाला, "ताई, आमच्याकडे माल तपासायला या." गंमत म्हणून म्हणाला असेल, पण चेंजर त्यानं झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे बाबा कोर्टाचा कोट घालून खुर्चीत बसले. मी तार जोडली. तू सुई ठेवलीस. कापसाचे भाव सांगणाऱ्या त्या रेडिओतून अभंग निघाला आणि खोली भरून गेली. मोठे बाबा शेवटपर्यंत डोळे मिटून चूक शोधत होते. सुई आतल्या रेघेत पोचली तेव्हा म्हणाले, "विचार तिला, दुसरी बाजूही अशीच वाजते का."

मी तोंड उघडलं. पण तू पदर सावरलास आणि सरळ त्यांच्याकडे वळून म्हणालीस, "कोट काढून बसा, ऐकवतो."

त्यांनी कोट काढला, माय. वकिलीच्या सगळ्या वर्षांत इतका बिनतोड निकाल त्यांनी ऐकला नसेल. दुसऱ्या बाजूला तू तबकडीबरोबर गाऊ लागलीस, आधी ओठांत, मग मोकळ्या गळ्यानं, बाईंच्या वरताण. तुझी जाऊ, मोठी आई, परातीतले पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. त्या दिवशी मोठे बाबा कोर्टात उशिरा पोचले, आणि त्या संध्याकाळपासून भाव ऐकून झाले की रेडिओ तुझा.

नातीला मी सांगितलंय, पत्रकं ठेव, एक ओळखीची सीडी घे आणि दुकानात जा. बाकीचं हे सारं तुलाच लिहिलं. टपालात टाकायचं नाही म्हणून एक गोष्टही लिहून टाकतो. तू गात होतीस तेव्हा मी उठून रस्त्याकडची खिडकी लावली होती. "बरं केलं, आवाज घुमते आता," असं तू म्हणालीस, आणि मी मान हलवली. आवाज घुमावा म्हणून लावली नव्हती, माय. माझे कॉलेजातले दोन मित्र रस्त्यानं येत होते.