एकशे शहाऐंशी चिठ्ठ्या

ऐन तूत,
मंगळवार, १७ मे २०१६

प्रिय नुहाद,

थोरल्या भावाचे आशीर्वाद घे. आम्ही दोघं बरे आहोत. जोर्जेतचे गुडघे दुखतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. तुती पिकल्या आहेत, अंगणात पाय ठेवला की तळवे जांभळे होतात. तुमच्या माँट्रियलला अजून थंडी असेल. अठरा वर्षांत मी तुला तीन पत्रं लिहिली, तू एकाचंही उत्तर दिलं नाहीस. तक्रार करत नाही. तुझा नवरा नायेफ वारला तेव्हा मी फोन उचलला आणि नंबर न फिरवताच खाली ठेवला, त्यामुळे तक्रारीला मला तोंड नाही.

रविवारी पंचायतीची निवडणूक झाली. निकाल लमीसने तुला फोनवर सांगितला असेलच. पण मतमोजणीच्या खोलीत काय घडलं ते तिने सांगितलं नसेल. ती सांगणारही नाही, म्हणून मी लिहितो आहे.

आधी तुझ्या लेकीबद्दल. ती परत आली, औषधांचं दुकान टाकलं, इथवर ठीक होतं. मग तिने सरकारी नोंदवहीत स्वतःच्या नावापुढच्या धर्मावर रेघ मारून घेतली. तेव्हा मी डोक्याला हात लावला. म्हटलं, बाप द्रुझ, आई आपली मॅरोनाईट ख्रिस्ती, पोरगी आता कुठलीच नाही. त्यात ती निवडणुकीला उभी राहिली. तुला इथली रीत माहीत आहे. बारा खुर्च्या, सहा आपल्या, सहा द्रुझांच्या. आपले सहा आपले पुढारी शेख वदीअ ठरवणार, त्यांचे सहा त्यांचे पुढारी बेक ठरवणार, आणि दोघं मिळून एकच यादी काढणार. शेखांच्या दिवाणखान्यात मीही बसलो होतो.

"हिला धरायची कुठे?" शेख म्हणाले. "आपल्या सहांत की बेकांच्या?"

"कुठेच नको," लमीस म्हणाली. तिला समजावायला म्हणून बोलावलं होतं. "गेल्या उन्हाळ्यात रस्त्यावर कचरा कुजत होता काका, तेव्हा सहा पिशव्या तुमच्या आणि सहा त्यांच्या असं वेगळं ठेवलं होतं का कोणी?"

मला हसू आलं. मी ते कॉफीच्या कपात लपवलं.

तिने आपली बारा जणांची यादी केली. त्यात आपले किती आणि त्यांचे किती, ते तिने मोजलंच नाही. गावाने मोजलं म्हणा. सात आणि पाच.

आता माझ्या कामाबद्दल. शेखांच्या कचेरीत मी 'कागदपत्रं बघतो', एवढंच तुला ठाऊक होतं. खरं काम असं. पंचायतीच्या निवडणुकीत सरकारी मतपत्रिका नसते, हे तू जाणतेस. यादीवाले चिठ्ठ्या छापून घरोघर देतात, लोक त्या पाकिटात घालून पेटीत टाकतात. मी प्रत्येक घराची चिठ्ठी वेगळी करायचो. नावं तीच बारा, क्रम वेगळा. कुठे नावामागे 'डॉक्टर', कुठे मधे आजोबांचं नाव. मोजणीला अधिकारी चिठ्ठ्या मोठ्याने वाचतो, आणि मी वही घेऊन ऐकत बसतो. हे अबू फारेसचं घर आलं. हे सुताराचं आलं. ज्या घराचा क्रम ऐकू आला नाही, ते घर फुटलं. संध्याकाळी वही शेखांच्या हातात. तीन निवडणुका मी हे केलं, आणि खरं सांगतो, मला त्या कलेचा अभिमान होता.

रविवारी सकाळी मी घरोघर चिठ्ठ्या वाटल्या. सगळ्यांनी दारात स्वागत केलं, कॉफी पाजली, "शेखांना सलाम सांग" म्हणाले. मी खुशीत घरी आलो. जोर्जेतने उम्म नसीफच्या भट्टीवरून दोन मनकूशे आणले होते, झातरचा मसाला घातलेले, गरम. कागद उलगडला तर भाकरीखाली एक चिठ्ठी. तेलाचा डाग पडलेली. लमीसची बारा नावं, साधी, अक्षरांच्या क्रमाने लावलेली.

रविवारी या गावात कुठल्या घरात उम्म नसीफचा मनकूशा जात नाही, सांग बघू. द्रुझांच्याही जातो, आपल्याही जातो.

"हे काय?" मी जोर्जेतला विचारलं.

"न्याहारी," ती म्हणाली. "गार होईल."

ती चिठ्ठी मी खिशात ठेवली. दिवसभर ती तिथेच होती. शाळेत मत द्यायला पडद्यामागे गेलो तेव्हाही होती. एका खिशात ती, दुसऱ्यात माझ्या घराची मीच केलेली, पहिलं नाव 'डॉक्टर अन्तून'. शेखांना माझ्या घराचा क्रम तोंडपाठ आहे. नुहाद, हात एकदा त्या तेलकट कागदाकडे गेला होता. पुढचं पुढे लिहितो.

आमच्या खोलीच्या पेटीत एकशे शहाऐंशी पाकिटं निघाली. खालच्या आळीची घरं, आपली आणि त्यांची मिसळलेली. बाहेरगावची एक तरुण शिक्षिका अधिकारी होती. समोरच्या बाकावर लमीस, या बाकावर मी आणि माझी वही, खिडक्यांना बाहेरून सगळं गाव लटकलेलं. शिक्षिकेने पहिली चिठ्ठी वाचली. लमीसची यादी, अक्षरांच्या क्रमाने. दुसरी तीच. दहावी तीच. मी पेन्सिल धरून वाट बघत होतो की आता कोणाचा तरी क्रम येईल. विसावी तीच. पन्नासावी तीच. त्यातली सुताराची कुठली, अबू फारेसची कुठली, मॅरोनाईटाची कुठली, द्रुझाची कुठली, काही कळेना. वहीचं पान कोरं राहिलं. याच आळीत त्र्याऐंशी साली लोकांनी एकमेकांची घरं जाळली, आपलं जळलं, आठवतं ना? आणि आता त्याच घरांचा आवाज एक झाला होता. माझ्या अंगावर काटा आला. माझी कला पार मातीत गेली होती आणि मला रडू येत होतं, ते दुःखाने नव्हे. चर्चमध्ये लहानपणी दिवे लागल्यावर कधी असं झालं असेल, त्यानंतर परवाच. एवढी माणसं, आणि एकानेही फोडलं नाही. माझी बायकोसुद्धा बोलली नाही!

एकशे चाळिसावीच्या पुढे कधीतरी ती शिक्षिका थांबली. मग वाचलं, "डॉक्टर अन्तून."

पुढची अकरा नावं तिने वाचली, प्रत्येक नाव मीच जागेवर बसवलेलं. लमीसचं त्यात नव्हतं.

"हा हा!" अबू फारेस बाहेरून ओरडला. "सापडलं! एवढ्या मनकूश्यांत एकच करपला! अरे हा तर..."

लमीस उठली. आवाज चढवला नाही तिने. "काका, नाव घ्यायचं नाही. मत गुप्त असतं. ज्याचं आहे त्याचं आहे, आणि त्याच्याकडे कोणी बघायचंही नाही."

आणि नुहाद, कोणी बघितलं नाही. सगळं गाव छताकडे, बुटांकडे, आकाशाकडे बघायला लागलं. पुढे सगळ्या साध्या चिठ्ठ्या. माझ्या घरातूनही दुसरी 'डॉक्टर अन्तून' निघाली नाही, म्हणजे जोर्जेतही त्यांच्यातली. लमीस निवडून आली, तिच्यासोबत आणखी नऊ जण. तिला माझ्या मताची गरज पडली नाही.

आता जे टाळत होतो ते. अठ्ठ्याण्णव साली, युद्धानंतरच्या पहिल्या निवडणुकीत, तुमच्या घराचा क्रम मी ऐकला नाही. नायेफचीही चिठ्ठी आली नाही, तुझीही नाही. शेखांनी विचारलं, "कोण फुटलं?" मला गप्प बसता आलं असतं. वाचताना ऐकू आलं नाही, असं म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "नायेफचं घर." शेखांनी बेकांना कळवलं, महिन्याभरात नायेफची पाणीपुरवठ्यातली नोकरी गेली आणि वर्षाच्या आत तुम्ही देश सोडलात. तुला संशय होता. संशय नको बाळगूस. मीच सांगितलं. माझ्या बहिणीचं घर मी माझ्या तोंडाने दाखवून दिलं.

नायेफच्या मुलीला हे ठाऊक नाही. ठाऊक नसताना तिने भर खोलीत माझी लाज झाकली. त्या क्षणी मला तिच्याकडे बघवेना. एवढी मोठी कधी झाली ग ती?

लमीस गुरुवारी तुझ्याकडे निघते आहे. पत्र तिच्याच हाती देतो. कोणाच्या हाती पत्र दिलं तर पाकीट त्याच्यासमोर चिकटवू नये, असं आपले बाबा म्हणायचे. मी उघडंच देणार आहे, आणि तिला सांगणार आहे की विमानात वाचायला हरकत नाही, तुझ्या आईच्या आधी तूच वाच. नंतर तुम्ही दोघी जो निकाल द्याल तो मला मोठ्याने वाचून दाखवा.

ज्याचं मत सगळ्या गावाला माहीत आहे आणि कोणीही बोलून दाखवत नाही, तो तुझा भाऊ,

शुक्री