उष्टा दोरा

मंगळवार, ३ नोव्हेंबर १९३६

देवळालीला उतरलो तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. येवल्याच्या चंदर शिंप्याला खुद्द नवसाबाईंच्या बंगल्यावरून बोलावणं! आजवर इथल्या लष्करी कॅम्पातल्या साहेबांचे पडदे शिवून शिवून विटलो होतो. नवसाबाईंना लोक देवऋषीण म्हणतात. टांगेवाला इसाक तर फाटकापर्यंत यायलाही कबूल होईना. म्हटलं, जा भित्र्या! आपल्याला शिलाईशी मतलब.

त्यांची पूजेची खोली मात्र बघत राहावी. भिंती काजळानं घोटून काळ्याभोर केलेल्या. कोनाड्यांत पेठ-सुरगाण्याकडचे बोहाड्याच्या सोंगांचे लाकडी मुखवटे, सगळ्यांचे ओठ मिटलेले. पुरुषभर उंच समया, पितळी कड्यांचा झोपाळा, मधोमध चांदीचे खिळे मारलेला पाट. त्या पाटावर छतासारखा टांगायला मी लाल रेशमी चांदवा शिवायचा. राहायला मागची खोली दिलीय. दिवाळीला तानूला इथंच बोलवावं म्हणतो. लग्नाला वर्ष झालं, पण माझ्या कामापायी बायकोची एक दिवाळी गोड झाली नाही.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर

कापड लोण्यासारखं आहे. पण बाईंचा जाच बघा! दोरा तोंडात घालायचा नाही, दातानं तोडायचा नाही, टोक वाटीतल्या पाण्यानं ओलं करायचं. चांदव्याला कुणाचं उष्टं लागता कामा नये म्हणे. अहो, जन्मभर दोरा ओठांत ओला करून सुईत ओवला, आता हात ऐकतो होय? दुपारी बाई आंघोळीला गेल्या नि माझ्याकडून झालंच. गाठ मारली, दातानं कट्ट. कुणी पाहिलं नाही. तानूला यायचा निरोप धाडलाय.

सोमवार, ९ नोव्हेंबर

घसा बसलाय. सकाळी चांदवा टांगला. शिडीवरून उतरताना पाहिलं, तर एका मुखवट्याच्या ओठांतून लाल दोरा लोंबत होता. ओढला तर ओला. वाटलं, बाईंची चेष्टा. मग भर दुपारी रिकाम्या खोलीत कुणी तरी गुणगुणलं. शिवताना मी गुणगुणतो तेच, माझ्याच आवाजात. आईशपथ, कात्री तिथंच टाकून अंगणात पळालो.

बुधवार, ११ नोव्हेंबर

आवाज गेला. एक अक्षर फुटत नाही. बाईंना खुणेनं कबूल केलं, तर हसल्या. म्हणाल्या, नको म्हणून बजावल्याशिवाय कुणी उष्टं करत नाही. ज्याचं उष्टं लागतं त्याचा आवाज ही खोली घेते, आणि त्या आवाजानं त्याच्याच माणसाला आत बोलावते. त्या हाकेनं चांदव्याखाली गेलेलं माणूस परत येत नाही.

मग मला मागच्या खोलीत कोंडलं. बाहेरून कडी.

तानू निघाली असेल. नको येऊस गं, पाया पडतो तुझ्या.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

टांगा वाजला. तानूच—

दारावर बुक्क्या मारतोय. बाई तिला म्हणाल्या, सुताराची ठोकाठोक चाललीय.

पान फाडून दाराखालून सरकवलं. आत जाऊ नकोस, पळ. मोठ्या अक्षरांत लिहिलं—

उचललं तिनं. पण तिला वाचता कुठं येतं! बाईंनाच विचारलं, काय लिहिलंय. सुताराची मापं आहेत, म्हणाल्या—

पूजेच्या खोलीतून हाक आली. तानू, ये ना, बघ काय शिवलंय. माझा आवाज. इतक्या लाडानं मी कधी हाक मारली नव्हती तिला—

आले हो, म्हणाली. किती खूश—

पैंजणं तिकडे चाललीत—

तानू, तो मी नव्हे, मी इथं आहे, या दाराच्या—