कान आणि चौकट

४ फेब्रुवारी, रविवार

चित्रात ताईचा कान चुकला. आरशाने पकडला — पाठ करून उभा राहिलो, हातातल्या आरशात ती आणि चित्र शेजारी शेजारी पाहिली. मी काढलेला कान खिडकीच्या चौकटीला जवळजवळ टेकलेला. खऱ्या ताईच्या कानात आणि चौकटीत चांगलं चार बोटं अंतर. खुर्चीच्या पायांभोवती फरशीवर मी खडूने खुणा करून ठेवल्या आहेत. म्हणजे खुर्ची जागेवर, चूक माझी.

खरवडलं.

प्रदर्शन पंधरा मार्चला. गॅलरीवाला म्हणाला होता, बाकी सगळं आहे, एक म्हातारा चेहरा कमी पडतोय. हे ताईला सांगितलेलं नाही. तिला म्हणालो, तुझं चित्र काढावंसं फार दिवस वाटत होतं. ती लाजली. दोन वर्षांत तिच्याकडे एकदाही गेलो नव्हतो. बसने तीन थांबे.

११ फेब्रुवारी

"आले चित्रकार," ताई दारातच.

आज चित्र उलटं करून ठेवलं — डोकं खाली. उलटं केलं की माणूस दिसत नाही, नुसते आकार दिसतात. कानाशेजारचा उजेडाचा पट्टा आता फारच रुंद. गेल्या रविवारी मीच रुंद केला!

"उलटी टांगूनही जमत नाही का रे मी तुला?"

जन्मभर लोकांचे कपडे शिवले तिने. माप चुकलेलं तिला चालत नाही. हसलो. पुन्हा खरवडलं.

१४ फेब्रुवारी

डोळे तपासून आलो. नंबर तोच.

१८ फेब्रुवारी

डोळे किलकिले करून पाहिलं. मग दोऱ्याला किल्ली बांधून ओळंबा धरला. दोरा खोटं बोलत नाही — कान पुन्हा दोन बोटं सरकलेला. ताईवर ओरडलो, जरा स्थिर बस म्हणून. ती म्हणाली, हलले नाही रे. खरंच हलली नव्हती. मग चहा ठेवला, जेवूनच जा म्हणाली. थांबलो नाही.

आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. शाळा संपेपर्यंत माझे शर्ट हिने शिवले. आज सत्तरीच्या तिच्यावर आवाज चढवला. बसमध्ये लाज वाटली. आणि लाज वाटत असतानाच मनात — पुढच्या रविवारी चित्र संपलं की सुटलो.

२५ फेब्रुवारी

ब्रश खाली पडला. उचलायला वाकलो, तेव्हा खुणा जवळून पाहिल्या. माझा खडू जाडा, भुसभुशीत. या रेघा बारीक, सरळ — कापडावर आखायच्या चपट्या खडूच्या. शेजारी फडक्याने पुसल्याचा पांढुरका डाग. त्याच्या शेजारी आणखी एक.

मी गेल्यावर ती खुर्ची सरकवते. नव्या खुणा करते. चित्र संपू नये म्हणून.

वर पाहिलं. हनुवटी सांगितली होती तशीच धरून ती बसली होती. ब्रश पुसून पुन्हा रंगवायला लागलो.

आधी काय वाटलं ते लिहायला हात धजत नाही. सुटल्यासारखं वाटलं — माझा डोळा शाबूत आहे! ताईचा विचार नंतर आला. घरी पोचल्यावर.

२८ फेब्रुवारी

फोन केला. प्रदर्शन, गॅलरीवाला, म्हातारा चेहरा — सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, गावात दुसरं कोणी म्हातारं मिळालं नाही वाटतं. खुर्चीचा विषय मी काढला नाही. कान अजून चुकतोय म्हणालो, रविवारी येतो.

"कान बरोबर आहे. तू नुसता ये."

३ मार्च

रंग नेले नाहीत. हातांचं काय करावं कळेना. ताईने कोणाचा तरी शर्ट पुढ्यात टाकला, बटणं लावायला. दुपारी तिथेच जेवलो. चौथ्या बटणाला म्हणाली, "वाकडं बसलंय. उसव."

सावकाश उसवलं.